सायकल मोहिमेला डिझेल किती लागतं?

दिवाळी सरली की पुण्या-मुंबईतले, नाशिक-कोल्हापुरातले सायकल गट कोकण किनाऱ्याकडे, गोव्याकडे किंवा थेट कन्याकुमारीला निघतात. पाऊस संपलेला असतो, ऊन अजून तापलेलं नसतं, आणि बऱ्याच गटांच्या पुढे पर्यावरण वाचवण्याची हाक देणारा फलक असतो. अशा मोहिमांची आखणी आणि त्यांचा शेवट जवळून पाहत आल्यानंतर माझं एक मत पक्कं झालं आहे. मोहीम काय सांगते हे फलकावरून ठरत नाही. मागून येणारी गाडी, पिण्याच्या पाण्याची सोय आणि परतीचा प्रवास यांवरून ते ठरतं. नव्याने मोहीम काढणाऱ्यांनी मार्गाचा नकाशा उघडण्याआधी या तिन्हींचा हिशेब कागदावर मांडावा, असं मी आग्रहाने सांगतो.

हिशेब अवघड नाही. वीस जण अलिबागहून सागरी मार्गाने पणजीला निघाले आणि वळसे धरून साडेपाचशे किलोमीटर चालवणार आहेत, असं समजू. सामानाचा टेम्पो बरोबर जातो आणि शेवटी सायकली घेऊन परत येतो. त्याचे अकराशे किलोमीटर होतात. लिटरला दहा किलोमीटर धरले तर 110 लिटर डिझेल लागतं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एकूण तीनशे किलोच्या आसपास. आता तेच वीस जण एसटीने गेले आणि आले असते तर? एसटीची बस लिटरला साधारण साडेचार किलोमीटर जाते आणि तीत पंचेचाळीस माणसं बसतात. अकराशे किलोमीटरला माणशी साडेपाच लिटरच्या आत डिझेल पडतं आणि वीस जणांचं मिळून 110 लिटरच्या घरातच जातं. आठ दिवस घाम गाळून गाठलेला आकडा खिडकीशी बसून जाणाऱ्या प्रवाशाइतकाच निघतो. शिवाय छायाचित्रकाराची एक गाडी, घरच्यांची दुसरी आणि स्वारांचं स्वतःचं परतीचं तिकीट हे अजून धरलेलंच नाही. आकडे ढोबळ आहेत, पण पाच-दहा लिटर इकडेतिकडे झाले म्हणून निष्कर्ष बदलत नाही.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येतो, आणि तो मी हलका मानत नाही. जीव आधी, डिझेल नंतर. पण गाडी सायकलींच्या शेपटीला लावली म्हणजे सुरक्षितता वाढते, हे गृहीतक कोकणात तरी टिकत नाही. दापोली, गुहागर, देवगडकडचे रस्ते अरुंद आहेत आणि वळणापलीकडचं दिसत नाही. ताशी पंधरा किलोमीटरने रांगणाऱ्या टेम्पोला ओलांडायला मागची गाडी समोरच्या बाजूला जाते, आणि तिला पुढे किती सायकली आहेत हे कळतच नाही. त्यापेक्षा चार-पाच जणांच्या तुकड्या करा, दोन तुकड्यांत अंतर ठेवा, एका मागे एक चालवा. प्रत्येकाच्या मागे लुकलुकणारा लाल दिवा आणि डोक्यावर हेल्मेट असू द्या. प्रत्येक तुकडीत प्रथमोपचाराची पेटी, पंक्चरचं सामान आणि ते वापरता येणारा एक जण हवा. रस्त्यात दुखापत झाली तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि मुक्कामाच्या गावात सांगून ठेवलेली एखादी जीप किंवा रिक्षाही वेळेला येते. सामान माणशी आठ-दहा किलोवर आणलं तर ते कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत मावतं. परतीला मडगावसारख्या मोठ्या स्थानकाच्या पार्सल कार्यालयात तिकीट दाखवून सायकल लगेज म्हणून रेल्वेने आणता येते. त्याची चौकशी आधी करावी लागते, कारण गाडी पुरेसा वेळ थांबायला हवी आणि ब्रेक व्हॅनमध्ये जागा हवी. निघण्यापूर्वी पुठ्ठ्यावर नाव आणि उतरण्याचं स्थानक लिहून तो दांडीला घट्ट बांधायचा, आणि पेडल-डिरेलरला जुनं गोणपाट गुंडाळायचं. इतकं करूनही वयस्क सदस्यांसाठी गाडी हवीच असेल तर एकच ठेवा आणि ती पुढच्या मुक्कामी पाठवा.

पाण्याचं गणित याहून सोपं आणि याहून जास्त दुर्लक्षित. माणशी दिवसाला पाच लिटर धरलं तर वीस जणांना आठ दिवसांत आठशे लिटर पाणी लागतं. ते लिटरच्या बाटल्यांतून प्यायलं तर आठशे बाटल्या मागे राहतात. तेच वीस लिटरच्या चाळीस जारमधून घेतलं तर जार विक्रेत्याकडे परत जातात. पोट बिघडण्याची भीती खरी आहे. त्यासाठी मुक्कामी उकळलेलं पाणी रात्रीच भरून ठेवावं आणि क्लोरीनच्या गोळ्या जवळ बाळगाव्यात. पण स्वारांनी शिस्त पाळली तरी सत्कारात ती मोडते. शाळेच्या पटांगणात टेबल मांडलेलं असतं, शाल-श्रीफळ असतं, प्लास्टिकच्या वेष्टणातला पुष्पगुच्छ असतो आणि प्रत्येक पाहुण्यापुढे 200 मिलिलिटरची सीलबंद बाटली असते. दोन घोट पिऊन ती तिथेच राहते. यजमानांचा दोष नाही, त्यांनी आदरातिथ्य केलेलं असतं. कार्यक्रम ठरवतानाच ‘फुलं नकोत, बाटल्या नकोत, कळशी आणि पेले पुरेत’ असं नम्रपणे कळवणं हे पाहुण्यांचं काम आहे. फलकाचंही तेच. पीव्हीसी फ्लेक्सपेक्षा कापडी फलक घ्या, आणि त्यावर साल घालू नका, म्हणजे तो पुढच्या वर्षी चालेल.

मोहिमेत वृक्षारोपण ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सायकल मोहिमा निघतात नोव्हेंबर ते जानेवारीत, आणि आपल्याकडे झाड लावायचा काळ पावसाळ्याच्या सुरुवातीचा. डिसेंबरात लावलेल्या रोपाला पुढचे सहा महिने कोणाला तरी पाणी घालावं लागतं, आणि लावणारे तर दुसऱ्या दिवशी पन्नास किलोमीटर पुढे गेलेले असतात.

दुसरा आक्षेप जनजागृतीचा. डिझेल जळलं तरी गावोगावी संदेश तर पोचतो ना? पण ज्यांच्यापर्यंत पोचतो ते कोण आहेत ते पाहा. पाटी घेऊन एसटीने बाजार गाठणारी मासळीवाली आणि सायकलने शाळेत जाणारी मुलगी, या दोघींचा इंधनाचा खर्च शहरातून आलेल्या स्वारापेक्षा कितीतरी कमी आहे. त्यांना इंधन बचतीवर भाषण देणं मला उद्धटपणाचं वाटतं. त्यांच्याकडून ऐकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. 1987च्या नोव्हेंबरात उत्तरेकडून नवापूरहून आणि दक्षिणेकडून कन्याकुमारीहून ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा निघाली आणि शंभर दिवसांनी गोव्यात दोन्ही बाजू भेटल्या. वाटेतल्या जंगलांची अवस्था पाहणं आणि लोकांशी बोलणं हेच त्या चालण्याचं मोठं काम होतं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवं वाचली ती चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं घरट्यांची राखण केली म्हणून. रोज तीन सत्कारांऐवजी दोन दिवसांतून एकदा अशा एखाद्या गावात संध्याकाळ मोकळी ठेवा. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं, वाळू कुठून उपसली जाते, कचरा उचलायला कोण येतं, हे विचारा आणि लिहून घ्या.

इतका काटेकोरपणा केला तर नवे लोक यायचे नाहीत, असंही म्हटलं जातं. मला ते पटत नाही. निव्वळ आनंदासाठी सायकलवर निघावं, त्यात कमीपणा काहीच नाही, आणि त्याला कोणत्याही फलकाची गरज नाही. मात्र पर्यावरणाचं नाव घेतलं की त्या नावाचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून मोहीम काढणाऱ्या प्रत्येक गटाला माझी विनंती आहे: समारोपाच्या दिवशी वर्तमानपत्राला निवेदन द्याल तेव्हा किलोमीटरच्या शेजारी जळलेल्या डिझेलचे लिटर आणि विकत घेतलेल्या बाटल्यांची संख्याही छापायला द्या.