कानाचा ठणका : काडी नको, तेल नको



उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं विहिरीवर, कालव्यावर पोहायला पडतात. पुढे पावसाळ्याची दमट हवा येते. याच दिवसांत घरोघरी कानाच्या तक्रारी निघतात. आधी नुसती खाज सुटते, मग दडा बसतो, आणि एका रात्री असा ठणका लागतो की माणसाला कुशीवर वळता येत नाही. घरातलं कुणीतरी लगेच लसूण टाकून तेल कोमट करायला घेतं. या वेळच्या आरोग्याच्या पाठात आम्ही याच दुखण्याचा विचार करणार आहोत.

कानाची रचना

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंत सुमारे एक इंच लांबीची नळी असते. तिच्यातली कातडी फार नाजूक. या नळीत जो मळ तयार होतो त्याला आपण घाण समजतो, पण तो कानाचा बांध आहे. तो चिकट, तेलकट आणि किंचित आंबट असतो. त्यामुळे पाणी आत मुरत नाही आणि जंतूंना थारा मिळत नाही. नळीची कातडी आतून बाहेर हळूहळू सरकत असते. तिच्याबरोबर मळही आपोआप बाहेर येतो. म्हणजे कान स्वतःच स्वतःला साफ करतो.

बिघाड कशाने होतो?

उसाच्या बेण्याच्या कापलेल्या तोंडातून रोग शिरतो, म्हणून आपण लागणीपूर्वी बेणेप्रक्रिया करतो. कानाचंही तसंच आहे. आगकाडी, केसाची पिन, किल्ली, सायकलची तार घालून कान कोरला की कातडीला ओरखडा पडतो आणि मळाचा बांध फुटतो. त्यात पाणी साचलं की जंतू वाढतात. आठवडी बाजारात कान कोरून घेणं, हाही तोच प्रकार.

कान सतत ओला राहिला, किंवा औषधाचे थेंब मनानेच आठवडेच्या आठवडे घातले, तर बुरशीही धरते. अशा कानाला विलक्षण खाज सुटते. आत ओल्या टीपकागदासारखा लगदा दिसतो, कधी त्यावर काळे ठिपके असतात.

दुखणं कसं ओळखावं?

कानाची पाळी ओढली किंवा भोकापुढचा लहान उंचवटा दाबला आणि कळ आली, तर बहुधा बाहेरच्या नळीचा दाह आहे असं समजावं. सर्दी-तापानंतर कान दुखून पू वाहू लागला आणि पाळी ओढून दुखत नसेल, तर बिघाड बहुधा पडद्याच्या आत आहे. दोन्हींचे उपचार वेगळे असतात. म्हणून शेजाऱ्याच्या कानाला गुण आला तीच बाटली आपल्या कानात रिकामी करू नये.

उपचार

डॉक्टर आधी कानात पाहतात, नळीतली घाण काढतात आणि थेंब देतात. जंतूंचे थेंब वेगळे, बुरशीचे वेगळे. पडद्याला भोक असेल तर काही थेंबांनी ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. म्हणून पाहिल्याशिवाय थेंब नकोत. साध्या दुखण्यात बहुतेक वेळा पोटातून जंतुनाशक गोळ्या लागत नाहीत. ठणक्यासाठी पॅरासिटामॉल पुरते.

थेंब घालण्याची रीत अशी :

१. बाटली मुठीत धरून कोमट करावी. गार थेंबांनी चक्कर येते.
२. दुखरा कान वर करून कुशीवर निजावं.
३. मोठ्या माणसाची पाळी वर व मागे ओढावी, तान्ह्या मुलाची खाली व मागे.
४. थेंब घातल्यावर तीन ते पाच मिनिटं तसंच पडून राहावं.
५. सांगितलेले दिवस पुरे करावेत. ठणका थांबला म्हणून मधेच सोडू नये.

बरं होईपर्यंत पोहणं बंद. आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन लावून बोळा भोकाशी ठेवावा आणि नंतर काढून टाकावा.

लसणाचं तेल, पाल्याचा रस, दूध यांपैकी काहीही दुखऱ्या कानात ओतू नये. तेलाने नळी भाजते किंवा ओल धरून बुरशी वाढते. जिवंत किडा शिरला असेल, तर मात्र त्याला मारण्यापुरते साध्या गोडेतेलाचे दोन-चार थेंब चालतात, तेही पूर्वी कान वाहत नसेल तरच. किडा डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा.

मधुमेह असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावं

हा भाग घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसात हाच साधा दाह नळीतून कवटीच्या हाडात उतरू शकतो. अमेरिकेतले डॉक्टर चँडलर यांनी १९६८ साली या घातक प्रकाराचं वर्णन केलं, आणि त्यांचे बहुतेक रुग्ण मधुमेही होते. रात्री झोप उडवणारा ठणका, उपचारानेही न थांबणारा पू, तोंड एका बाजूला वाकडं होणं, ही त्याची चिन्हं. अशा वेळी ‘ऊस तुटून जाऊ दे, मग बघू’ म्हणू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. मधुमेह्यांनी कानात पाण्याची पिचकारी मारून घेऊ नये.

दुखणं येऊच नये म्हणून

पोहून किंवा आंघोळ करून आल्यावर मान एकेका बाजूला कलती करून पाणी निथळू द्यावं आणि बाहेरचा कान कोरड्या फडक्याने टिपावा. फडक्याची वात करून आत घालू नये. पाचट, धूळ उडत असेल तेव्हा डोक्याला आणि कानाला फडकं बांधावं. दुसऱ्याचे इअरफोन कानात घालू नयेत. मळाने दडा बसला तर तो दवाखान्यातच काढून घ्यावा.

थोडक्यात, कान कोरडा ठेवावा आणि कोरू नये. एवढं पाळलं तरी घरातले पुष्कळ ठणके टळतील.