गल्लीचा हमरस्ता का होतो?

प्रश्न : आमची कॉलनी दोन मोठ्या रस्त्यांच्या मध्ये आहे. पूर्वी संध्याकाळी मुलं गल्लीतच क्रिकेट खेळायची. आता ऑफिसच्या वेळी सिग्नल चुकवणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. मॅपला आमची गल्ली सापडते तरी कशी? आणि गेट लावून बाहेरच्या गाड्या बंद करता येतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मॅप चालू असलेले मोबाइल आपण कुठे आहोत आणि किती वेगाने सरकतोय, हे सतत कळवत असतात. त्यावरून ॲप प्रत्येक रस्त्याला लागणारा वेळ काढतं. हमरस्त्यावर रांग लागली की तिथला वेळ वाढतो, गल्लीचा तेवढाच राहतो, आणि ॲप गल्ली दाखवतं. शाळा कधी सुटते, काठी टेकत दूध आणायला आजोबा कधी निघतात, हे त्या हिशेबात कुठेच नसतं. चालकाची दोन मिनिटं वाचतात आणि त्यांची किंमत गल्ली मोजते.

ती किंमत वेगावर ठरते. समजा, गाडीपुढे 14 मीटरवर एक मूल चेंडूमागे धावलं. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. गाडी ताशी 30 किलोमीटरने येत असेल, तर तेवढ्यात ती आठ मीटर पुढे येते आणि रस्ता कोरडा, ब्रेक चांगले असतील तर मुलाच्या अलीकडे थांबते. ताशी 50 ने येणारी गाडी त्याच एका सेकंदात 14 मीटर कापते, म्हणजे ब्रेक लागायच्या आतच मुलापर्यंत पोहोचते. पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे 30 ची कमाल मर्यादा असावी, असं आवाहन रस्ता सुरक्षेवरच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आहे, ते यासाठीच.

अपघात झाला नाही तरी नुकसान होतंच. नगररचनातज्ज्ञ डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन निवासी रस्त्यांचा अभ्यास केला होता. दिवसाला 2,000 गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर रहिवाशाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. 16,000 गाड्यांच्या रस्त्यावर ही सरासरी 0.9 निघाली. रहदारी वाढली की माणसं ओट्यावरून उठून घरात जातात आणि दारं लावून घेतात.

आता गेटचं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिओनिया या छोट्या गावाने असाच उपाय केला होता. जॉर्ज वॉशिंग्टन पुलाकडे निघालेल्या गाड्यांना ॲप गावातल्या गल्ल्यांतून पाठवत होतं. जानेवारी 2018 मध्ये गावाने गर्दीच्या वेळी सुमारे 60 गल्ल्या बाहेरच्यांना बंद केल्या. त्याच वर्षी न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. कारण राज्याच्या वाहतूक खात्याची मंजुरी गावाने घेतली नव्हती. आपल्याकडेही महापालिकेच्या रस्त्यावर रहिवाशांना परस्पर गेट लावता येत नाही.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने 1977 मध्ये वेगळी वाट धरली. शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. कोणत्याही भागात गाडी नेता येते, पण एका भागातून थेट दुसऱ्या भागात नेता येत नाही. त्यासाठी बाहेरच्या वळण रस्त्यावर जावं लागतं. पायी आणि सायकलने मात्र कुठूनही कुठेही जाता येतं. व्यापाऱ्यांनी तेव्हा कडाडून विरोध केला. तरी योजना टिकली, कारण तिथे कुणालाच मज्जाव नव्हता. बंद झालं ते आरपार जाणं.

तुम्हीही मागणी याचीच करा. गल्लीच्या मधोमध काढता-घालता येतील असे खांब बसवले, की पाहुणे, रिक्षा, गॅसची गाडी सगळे येऊ शकतात. फक्त आले त्या बाजूनेच परत जातात. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासाठी खांब काढण्याची सोय मात्र आधीच ठरवून घ्या. नुसता एकेरी मार्ग मागताना जपून. समोरून गाडी येणार नाही याची खात्री झाली की चालक वेग वाढवतात.

गतिरोधकाने वेग कमी होतो, शॉर्टकट सहसा बंद होत नाही. तोही मापाचा हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांतला नेहमीचा गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. ताशी 25 च्या आसपास तो सहज पार होतो, जोरात गेलं तरच हिसका बसतो. आपल्या गल्ल्यांत एका रात्रीत उगवणारे डांबराचे अरुंद उंचवटे सावकाश जाणाऱ्याचीही कंबर मोडतात.

अर्ज देण्याआधी मोजणी करा. कामाच्या दिवशी सकाळी गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोघं-दोघं उभे राहा आणि गाड्यांच्या नंबरांचे शेवटचे चार आकडे वेळेसह टिपा. एका तोंडाने शिरून दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडलेली गाडी आरपार जाणारी. उरलेल्या आपल्या किंवा आपल्याकडे आलेल्यांच्या. हा तक्ता क्षेत्रीय कार्यालयाला आणि वाहतूक शाखेला द्या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 मध्ये सार्वजनिक सुरक्षेसाठी वाहनांवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. काही आठवडे प्रयोग, मग हरकती-सूचना, मग कायमचा निर्णय, असा क्रम सुचवा.

‘मग त्या गाड्या जाणार कुठे?’ असं तुम्हाला विचारलं जाईल. बऱ्याचशा हमरस्त्यावर परततील. म्हणून अर्जातच तिथल्या सिग्नलची वेळ सुधारावी, बस वाढवाव्यात आणि पदपथ मोकळे करावेत, हेही मागा. हमरस्त्यालगतही माणसंच राहतात. आपला त्रास त्यांच्या दारात ढकलणारी मागणी न्याय्य ठरत नाही आणि फार काळ टिकतही नाही.