डोळे मिटून उभे राहताना

आमचे वडील गवंडीकाम करतात. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यापासून वाटेत पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळेनासे झाले. दिवसा ते नीट चालत. रात्री वीज गेली की मात्र झोकांड्या खात. शेजारीपाजारी हसून त्याचा भलताच अर्थ काढीत. खरे सांगायचे तर मलाही संशय आला होता.

उलगडा झाला तो मानसशास्त्राच्या तासाला, मज्जासंस्था शिकताना. ज्ञानेंद्रिये पाच, असे शाळेत घोकले होते. त्यांत न मोजलेले आणखी एक आहे. स्नायूंच्या आत तर्कूच्या आकाराची बारीक ग्राहके असतात. स्नायू किती व किती वेगाने ताणला गेला हे ती कळवितात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांतील ग्राहके जोर किती पडला ते सांगतात. ही वार्ता जलद तंतूंमधून मेरुरज्जूकडे व तेथून लहान मेंदूकडे जाते. हात कोठे जायला हवा होता आणि प्रत्यक्षात कोठे गेला, याचा ताळा तेथे घेतला जातो. आई माझ्याशी बोलत, हाताकडे न बघता भाकरी थापते ती याच बळावर. ब्रिटिश शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या संवेदनेला नाव दिले.

ती नसेल तर? इयान वॉटरमन हा ब्रिटिश तरुण १९७१ मध्ये १९ वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच वयाचा. एका आजारानंतर त्याची मानेखालची स्पर्शाची व अंगस्थितीची जाणीव गेली. स्नायू धडधाकट, त्यांना हुकूम देणारे तंतूही शाबूत; पण उलट निरोपच येईना, म्हणून हात भलतीकडे जात. मग प्रत्येक अवयवाकडे डोळ्यांनी पाहत तो हालचाल नव्याने शिकला. चालायला वर्षाहून अधिक काळ लागला. पहिल्यांदा उठून बसला त्या आनंदात लक्ष ढळले, नि तो पडता पडता वाचला! पुढेही दिवा गेला की तो कोसळे.

मधुमेहात पावलांकडे जाणारे लांब तंतू बहुधा आधी झिजतात. वडिलांचा मेंदू पायांचे निरोप डोळ्यांकडून मागवीत होता, आणि आम्ही त्यांच्या तोंडाचा वास घेत होतो.

घरी त्यांना पाय जुळवून उभे केले. मी शेजारी हात पसरून. डोळे मिटताच ते डुलू लागले. जर्मन वैद्य रोंबर्ग यांच्या नावाची ही परीक्षा. दवाखान्यात डॉक्टरांनीही तीच केली आणि परांचीवर चढायचे नाही, असे बजावले.

शेजाऱ्यांना मज्जासंस्था कशी समजवावी, हा प्रश्न बाकी आहे. वडिलांच्या उशाशी मी विजेरी ठेवली आहे. रात्री उठायचे झाले की ते उजेड आधी स्वतःच्या पावलांवर पाडतात, मग उभे राहतात.