गाजरगवत : ओळख, उच्चाटन आणि पर्याय

पावसाळा लागला की रस्त्याच्या कडेला, पडीक आवारात आणि शाळेच्या मैदानाभोवती गाजरगवत माजते. कोणी त्यास काँग्रेस गवत म्हणतात. नावात गवत असले तरी ही वनस्पती झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातील, मूळची अमेरिका खंडातील आहे. पुण्यास १९५५ साली ती आढळली आणि पुढे देशभर पसरली.

ओळख : कोवळे रोप जमिनीलगत पसरते. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली, खोडावर उभ्या रेघा व लव, शेंड्यास बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. ही फुले मुलांना तोडावीशी वाटतात, म्हणून हे झाड त्यांना आधी ओळखता आले पाहिजे.

अपाय : यात पार्थेनिन नावाचे विषारी द्रव्य असते. वारंवार स्पर्श झाल्यास अनेकांच्या अंगास खाज सुटते, चट्टे उठतात. परागांमुळे शिंका येतात, दमा बळावतो. जनावरांनी खाल्ल्यास त्यांचे दूध कडवट होते.

उच्चाटन : फुलोरा येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, झाड मुळासकट उपटावे. नुसते कापल्यास ते बुडातून पुन्हा फुटते. एकेका झाडास हजारो बिया धरतात. हातमोजे घालावे, नाकातोंडास फडके बांधावे. लहान मुलांनी व दमेकऱ्यांनी यास हात लावू नये. फुले न आलेली झाडे कंपोस्टच्या खड्ड्यात घालता येतात. मेक्सिकोतून आणलेला एक भुंगा १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आला. तो या झाडाची पाने फस्त करतो. पिवळट पाठीवर काळ्या रेघांचा हा भुंगा त्यावर दिसल्यास मारू नये.

पर्याय : एवढ्याने काम संपत नाही. जमीन उघडी राहिली की मातीतले जुने बी पुन्हा रुजते. तेथे दुसरे काही वाढले पाहिजे. यासाठी टाकळा (तरोटा) उत्तम. दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेंगा जमवाव्या आणि वैशाखात बी पडीक जागेत फेकावे. पहिल्या पावसाबरोबर तो दाट उगवतो व गाजरगवतास वाढू देत नाही. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी कोकण-गोव्यात आवडीने खातात. अंगणाच्या कडेस झेंडू लावावा. मात्र शोभेसाठी घाणेरी लावू नये. तीही परदेशातून येऊन माजलेलीच आहे.

न्यासाच्या सभासदांनी आपापल्या गल्लीतील पडीक जागा वाटून घ्याव्या, अशी आम्ही विनंती करतो. एका घराने उपटले आणि शेजारच्या आवारात बी धरले, तर श्रम वाया जातात. दोन-तीन पावसाळे हे काम नेटाने केले, तर मुलांना खेळावयास निर्धोक जागा मिळेल.