तंबाखूच्या पानाची प्रत आणि खतांची निवड

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी परिसर विडीच्या तंबाखूसाठी सर्वश्रुत आहे. तंबाखूचे मोल केवळ वजनावर ठरत नाही. पानाचा कडकपणा, रंग, वास आणि जळण्याचा गुण यांवर ते अवलंबून असते. हे गुण पानातील रासायनिक द्रव्यांमुळे येतात. त्या द्रव्यांचे प्रमाण ठरविण्यात जमीन, हवामान व वाण यांच्याबरोबरच खतांचाही मोठा वाटा असतो.

नत्र : निकोटीन झाडाच्या मुळांत तयार होऊन पानांत साठते. त्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे दोन अणू असतात. म्हणून नत्राचा पुरवठा वाढला म्हणजे सामान्यतः पानातील निकोटीन व प्रथिने वाढतात आणि साखर घटते. शेंडा खुडून बगलेतील फुटवे काढल्यास निकोटीन आणखी वाढते. विडीच्या तंबाखूस कडकपणा हवा असल्याने नत्र अधिक द्यावे लागते. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूत साखर हवी असल्याने ते बेतानेच द्यावे लागते. अतिरेक मात्र दोहोंस बाधक होय. पाने गर्द हिरवी राहतात व पक्व होण्यास विलंब लागतो.

स्फुरद : याने मुळांची वाढ चांगली होते व पीक लवकर पक्व होते. निकोटीनवर त्याचा परिणाम अल्प असतो.

पालाश : पालाशामुळे पान चांगले जळते. तथापि तो कोणत्या खतातून दिला, हे महत्त्वाचे आहे. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त असले तरी त्यात सुमारे ४७ टक्के क्लोरीन असते. पानातील क्लोराईड सुमारे २ टक्क्यांहून अधिक झाल्यास पान ओलावा धरते व नीट जळत नाही. असा माल व्यापारी नाकारतो आणि खतात वाचलेले पैसे विक्रीत गमवावे लागतात. म्हणून तंबाखूस सल्फेट ऑफ पोटॅश देणे इष्ट होय. विहिरीचे पाणी खारट असल्यास तेही तपासून घ्यावे, कारण त्यातूनही क्लोराईड पिकात येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खतांमुळे पानाची प्रत सुधारते. पान निर्धोक होत नाही. उलट, नत्राच्या अतिरेकाने पानात नायट्रेट साचते आणि पान सुकविताना व साठविताना त्यापासून कर्करोगकारक नायट्रोसामाइन बनण्यास वाव मिळतो. सारांश, माती व पाणी तपासून, तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार मोजकेच खत द्यावे, यातच शेतकऱ्याचे हित आहे.