गर्दीचे गणित : के. आर. पुरम येथील एक पाठ

बंगळूर शहराच्या पूर्वेस के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, या नावाचा विभाग आहे. बंगळूरहून जोलारपेट्टईमार्गे मद्रासकडे जाणारा लोहमार्ग १८६४ साली सुरू झाला. तो येथूनच जातो. जुना मद्रास रस्ता आणि शहराचा बाह्य वर्तुळमार्ग याच परिसरात एकमेकांस मिळतात. जवळच्या चौकाला लोक ‘टिन फॅक्टरी’ या नावाने ओळखतात. व्हाइटफिल्डकडील कचेऱ्यांत जाणारा नोकरवर्ग, आसपासच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी, बाहेरगावचे उतारू आणि मालमोटारी या सर्वांची वाट येथे एक होते. सकाळी नऊच्या सुमारास येथे मोटारींची रांग हलता हलत नाही. आणि त्या रांगेतून अंग चोरून, वह्या-पुस्तके सांभाळीत, विद्यार्थी रस्ता ओलांडीत असतात.

असेच दृश्य, लहान प्रमाणावर, कोणत्याही विद्यापीठाच्या आवारात पाहावयास मिळते. तास सुटला की फाटकापाशी माणसे, सायकली, स्कूटर आणि बसगाड्या यांचा एकच गुंता होतो. अर्ध्या तासानंतर तेच फाटक ओस पडते. माणसे तीच, फाटकही तेच. मग कोंडी होते ती कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर साध्या अंकगणिताने देता येते, आणि ते उत्तर कळल्यावर उपायही सुचू लागतात.

कोंडी कशी होते?

पाण्याच्या हौदाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. हौदात दर मिनिटास जितके पाणी येते, त्याहून कमी पाणी बाहेर जात असेल, तर पाण्याची पातळी वाढत जाते. फाटकाचेही तसेच आहे. मोजणीवरून असे आढळले आहे की, चालण्यास मोकळ्या असलेल्या एक मीटर रुंदीच्या वाटेतून दर मिनिटास फार तर ७० ते ८० माणसे जाऊ शकतात. धक्के न लागता चालावयाचे असेल, तर हा आकडा निम्म्यावर येतो.

आता अशी कल्पना करा की, एका महाविद्यालयातून १० मिनिटांत २,००० विद्यार्थी बाहेर पडू पाहतात, आणि फाटकाची रुंदी २ मीटर आहे. दर मिनिटास २०० विद्यार्थी येतात. जातात मात्र १४०. दर मिनिटास ६० जण मागे राहतात. दहा मिनिटांच्या अखेरीस फाटकाच्या आत ६०० जण खोळंबलेले असतात, आणि शेवटचा विद्यार्थी बाहेर पडेपर्यंत सुमारे १४ मिनिटे लागतात.

त्याच फाटकातून स्कूटरींची ओळ निघाली आणि तिने एक मीटर रुंदी व्यापली, तर पायी चालणाऱ्यांना दर मिनिटास ७० जणांपुरतीच वाट उरते. मग १० मिनिटांनी खोळंबलेल्यांची संख्या १,३०० होते, आणि फाटक मोकळे होण्यास जवळजवळ २९ मिनिटे लागतात. याउलट, निम्मे वर्ग १५ मिनिटे उशिरा सुटतील अशी व्यवस्था केली आणि वाहनांना दुसरे फाटक दिले, तर दर मिनिटास १०० विद्यार्थीच येतील, आणि रांग मुळीच लागणार नाही. फाटकाची एक वीटही न हलविता हा फरक पडला, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

दाटी आणि वेग

दाटी वाढली की वेगही घटतो. अमेरिकेतील ब्रूस ग्रीनशील्ड्स या संशोधकाने रस्त्यावरील मोटारींची छायाचित्रे घेऊन १९३५ साली हा संबंध मांडला. रस्ता मोकळा असता गाडी वेगाने जाते, पण गाड्या थोड्या असतात. रस्ता खचाखच भरला असता गाड्या पुष्कळ असतात, पण त्या हलत नाहीत. या दोन टोकांच्या मध्ये कोठे तरी प्रवाह सर्वाधिक असतो. त्या मर्यादेपलीकडे आणखी गाड्या आत सोडल्या की, पोहोचणाऱ्या गाड्यांची संख्या वाढण्याऐवजी कमी होते.

माणसांच्या चालण्यासही हाच नियम लागू पडतो. मोकळ्या वाटेने मनुष्य एका सेकंदात सुमारे १.३ मीटर चालतो. दर चौरस मीटरला दोन माणसे झाली की त्याचा वेग निम्म्याच्या आसपास येतो. पाच झाली की पाऊल उचलणेही कठीण होते. फरक इतकाच की, मोटारींच्या कोंडीत वेळ जातो, तर माणसांच्या कोंडीत प्राणही जाऊ शकतो.

मुंबईतील प्रभादेवी स्थानकावर (त्या वेळचे नाव एलफिन्स्टन रोड) २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी हेच घडले. पाऊस कोसळत असल्यामुळे लोक पादचारी पुलावर व जिन्यावर थांबून राहिले. खाली गाड्या येतच होत्या आणि प्रत्येक गाडी नवी माणसे उतरवीत होती. जिना अरुंद होता. त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा अंत झाला. पुढे सैन्याच्या अभियंत्यांनी तेथे नवा पूल उभारला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. गिरणगावाच्या काळातील तो जिना कार्यालयांच्या काळातील गर्दी वाहत होता. येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची संख्या वेळीच मोजणे किती आवश्यक असते, हे यावरून स्पष्ट होते.

तुटलेला दुवा

आता पुन्हा के. आर. पुरमकडे वळू. येथील लोहमार्गावरून वाहने नेण्यासाठी जाड तारांनी तोललेला पूल बांधण्यात आला व २००३ साली तो वाहतुकीस खुला झाला. लोक त्याला ‘झुलता पूल’ म्हणतात. त्यामुळे लोहमार्ग ओलांडण्याची वाहनांची अडचण दूर झाली. तथापि टिन फॅक्टरीचा चौक आजही शहरातील कोंडीच्या ठिकाणांत गणला जातो. नळाचे तोंड रुंद केले, पण पुढची नळी तितकीच राहिली, तर पाणी पुढच्या सांध्यापाशी तुंबते. मार्गाची वहनशक्ती ही त्याच्या सर्वांत अरुंद भागाएवढीच असते.

या नियमाची प्रचीती २०२३ साली दुसऱ्या रीतीने आली. के. आर. पुरम ते व्हाइटफिल्ड हा मेट्रोचा भाग २५ मार्च २०२३ रोजी सुरू झाला. शहराकडून येणारी मेट्रो मात्र बैय्यप्पनहळ्ळीपर्यंतच होती. मधले सुमारे दोन किलोमीटर अंतर जोडावयाचे राहिले होते. त्यात लोहमार्ग ओलांडणाऱ्या पुलाचे अवघड काम होते. सहा महिन्यांहून अधिक काळ उतारूंना एका गाडीतून उतरून, बसने त्याच गजबजलेल्या रस्त्यावरून जाऊन, पुन्हा दुसरी गाडी पकडावी लागे. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी हा दुवा जोडला गेला, तेव्हा कुठे मार्ग अखंड झाला.

दोन किलोमीटरचा दुवा दोन्ही बाजूंच्या मार्गाची उपयुक्तता कमी करतो, हे येथे सर्वांना दिसले. परंतु शंभर मीटरचा तुटलेला दुवा सहसा कोणास दिसत नाही. स्थानकाच्या जिन्यापासून बसथांब्यापर्यंत पदपथ नसणे, थांब्यापासून महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत रस्ता ओलांडण्याची सोय नसणे, हे तसलेच दुवे होत. ते तुटलेले असले की, ज्याला शक्य असेल तो विद्यार्थी स्कूटर घेतो. मग फाटकापाशी वाहने वाढतात, पायी चालणाऱ्यांची वाट आणखी आक्रसते, आणि आणखी काही विद्यार्थी स्कूटर घेतात. असे हे दुष्टचक्र आहे.

आवारातील उपाय

पहिला उपाय वेळेचा. सर्व वर्ग एकाच घंटेस सुरू करून एकाच घंटेस सोडण्याची आवश्यकता नसते. दोन विद्याशाखांच्या वेळांत १५ ते २० मिनिटांचे अंतर ठेवले, तर वर पाहिल्याप्रमाणे रांग नाहीशी होऊ शकते.

दुसरा उपाय जागेचा. वाहने उभी करण्याची जागा आवाराच्या कडेस असावी आणि आतील वाटा चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी राखून ठेवाव्यात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शनानुसार पदपथावर चालण्यास निदान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी. खांब, कुंड्या आणि उभ्या केलेल्या सायकली यांनी व्यापलेली जागा त्यात धरावयाची नसते.

तिसरा उपाय रस्ता ओलांडण्यासंबंधीचा. २४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास, सेकंदास १.२ मीटर या वेगाने, तरुणास २० सेकंद लागतात, सेकंदास ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धास ३० सेकंद लागतात. रस्त्याच्या मध्यभागी थांबण्यास सुरक्षित चौथरा केला, तर वृद्धाला एका वेळी १५ सेकंदांचेच अंतर कापावे लागते. पूल बांधून चालणाऱ्यांस जिने चढावयास लावण्यापेक्षा, आवारात तरी वाहनांनीच हळू जावे हे इष्ट. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ताशी ३० किलोमीटरऐवजी १५ किलोमीटर वेग ठेवला, तर आघाताची ऊर्जा चौथाईवर येते.

चौथा उपाय मोजणीच्या दृष्टीचा. बसगाडी एक आणि मोटारगाडी एक, असे मोजल्यास दोन्ही सारख्याच ठरतात. परंतु एकीत पन्नास माणसे असतात, दुसरीत बहुधा एक किंवा दोन. भारत सरकारच्या २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांऐवजी माणसांचा विचार करून रस्त्याची जागा वाटावी, असे तत्त्व मांडले आहे. कोणास किती जागा द्यावयाची, हे वाहने मोजून नव्हे, तर माणसे मोजूनच ठरविले पाहिजे.

प्रात्यक्षिक

हा प्रयोग कोणत्याही शाळेच्या विद्यार्थ्यांस करता येईल. शाळा सुटण्याच्या वेळी चौघांनी फाटकाच्या आत, सुरक्षित जागी बसावे. एकाने पायी जाणारे, दुसऱ्याने सायकली, तिसऱ्याने स्कूटर व मोटारी दर मिनिटास मोजाव्यात. चौथ्याने घड्याळ पाहून नोंद करावी. फाटकाची मोकळी रुंदी टेपने मोजावी. मिनिटे आडव्या अक्षावर व माणसे उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. मग पुढील प्रश्नांची उत्तरे शोधावीत : सर्वाधिक गर्दीचे मिनिट कोणते? त्या मिनिटास एक मीटर रुंदीतून किती माणसे गेली? निम्मे वर्ग १० मिनिटे उशिरा सोडले, तर आलेखाचा आकार कसा होईल?

हा आलेख मुख्याध्यापकांस दाखवावा. के. आर. पुरमचा चौक सुधारणे शाळेतील मुलांच्या हाती नाही. परंतु आपल्या फाटकाची घंटा दहा मिनिटे पुढेमागे करणे अनेक ठिकाणी शक्य असते. मोठ्या नगराची कोंडी आणि लहान फाटकाची कोंडी यांचे गणित एकच आहे. ते ज्याने एकदा मांडून पाहिले, तो गर्दीस नशिबाचा भाग मानून स्वस्थ बसणार नाही.