टाचेचं हाड वाढलंय, चालणं सोडू का?

प्रश्न : वय ४८, शिक्षिका आहे. चार महिन्यांपासून सकाळी पाऊल टेकताच उजव्या टाचेत कळ येते. थोडं चाललं की कमी होते. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं. फिरणं बंद करू? शस्त्रक्रिया लागेल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, चालणं सोडू नका. असं वाढलेलं हाड टाच कधीही न दुखलेल्या कित्येकांच्या एक्स-रेतही दिसतं. तुमचं दुखणं बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याचं, म्हणजे प्लांटर फॅशियाचं आहे. रात्रभरात तो आखडतो, म्हणून पहिली पावलं जड जातात.

अंथरुणातच पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरा, दहा वेळा. त्याच्या जोडीला ताकदीचा व्यायामही करा. पायरीच्या कडेवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून उभ्या राहा. कठडा धरून टाचा ३ सेकंदांत उचला, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली आणा. हे एक दिवसाआड. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या सकाळी कळ वाढली तर व्यायाम कमी करा.

फिरणं तूर्त निम्म्यावर आणा, चढ टाळा, मधल्या दिवशी सायकल चालवा. घरातही फरशीवर अनवाणी नको, मऊ टाचेची चप्पल घाला. शस्त्रक्रिया क्वचितच लागते, पण बरं व्हायला काही महिने जातात. स्टेरॉइडचं इंजेक्शन वारंवार घेऊ नका. पट्टा फाटू शकतो.

मधुमेह, पायाला बधिरपणा, सूज, ताप किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.